लाल चिंधीनं चुकवलेली वाट

१

आप्पासाहेब म्हशींच्या डबक्यात बसले, तेव्हा त्यांचं भाषण अर्धं राहिलं होतं.

बसले म्हणजे मुद्दाम नव्हे. ते उलटे चालत होते. सुलटं चाललं की तोंड डोंगराकडे होतं, आणि डोंगराला भाषण ऐकवण्यात त्यांना रस नव्हता. तोंड आमच्याकडे, पाठ वाटेकडे, आणि मधे शब्दांचा धबधबा. "मित्रहो, भोळ्या समजुतींच्या या चिखलातून समाजाला बाहेर..." एवढं म्हणाले आणि गेले. चिखलातच. आत एक म्हैस डुंबत होती. तिनं मोठ्या मनानं सरकून जागा दिली.

सन पंचेचाळीसचा जानेवारी. लढाई चालू होती. साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर, कापड तर औषधालाही मिळत नव्हतं. चालणं तेवढं बिनरेशनचं उरलं होतं, म्हणून नगरात आमचं 'पदभ्रमण व प्रबोधन मंडळ' जोरात होतं. दर रविवारी गाडीनं वांबोरीला उतरायचं, पिंपळदरा गावापर्यंत जायचं, टकल्या डोंगर चढायचा, वाटेत गावकऱ्यांना शहाणं करायचं आणि खाली येऊन त्यांच्याच शेतात हुरडा खायचा. आप्पासाहेब आमचे अध्यक्ष, निवृत्त मामलेदार. देव दगडात नसतो, हे ते दगडावर बसून सांगायचे.

आजवर आम्हाला वर न्यायचा तो गनीभाई. हा पिंपळदऱ्याचा शिंपी. डोंगराच्या माथ्यावर पीरसाहेबांचं ठाणं आहे, तिथं दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, दिवा लावायचं काम त्याच्या बापाचं, आता त्याचं. त्यामुळे वाट त्याच्या पायांत होती. पण एवढ्या शिकलेल्या मंडळानं एका शिंप्याच्या मागं जावं, हे आप्पासाहेबांना बरं दिसेना. मग त्यांनी वाटेवर खुणा करायचं ठरवलं. माणसं नोकरी संपली की घड्याळ घेऊन घरी जातात. आप्पासाहेबांनी कचेरीतल्या पट्टेवाल्याचं लाल पागोटं आणलं होतं. तेच गनीभाईकडून कापून घेतलं, चिंध्या केल्या आणि गेल्या रविवारी झाडाझाडाला बांधल्या. गनीभाईनं स्वतःच वाट दाखवली आणि स्वतःच्याच कात्रीनं स्वतःचं काम कापलं.

आज त्या वाटेचं उद्घाटन होतं. नियम एकच. वाट कुणाला विचारायची नाही, लाल चिंधी बघायची. पुढं शिट्टी घेऊन चिटणीस राधाकृष्ण. त्याच्यामागं उलटे आप्पासाहेब. आज ते भलतेच खुशीत होते. काठी घरीच विसरली म्हणाले, पण पावलं टाकत होते नव्या नवऱ्यासारखी.

वाट फुटते तिथं राधाकृष्णानं शिट्टी मारली. "सापडली! लपून बसली होती, पण माझ्या नजरेतून सुटते काय!" आणि तो डावीकडं वळला. आम्ही मागोमाग. वाट उतरायला लागली. डोंगर चढताना वाट उतरते का, असा प्रश्न एक-दोघांना पडला. पण नियम म्हणजे नियम.

आणि मग ते डबकं.

आप्पासाहेबांना बाहेर काढलं, तेव्हा त्यांचा अर्धा भाग मामलेदारासारखा दिसत होता आणि अर्धा म्हशीसारखा. त्यांनी बोट दाखवलं. बांधावर गनीभाई उभा होता. बोलावलेलं नसताना गंमत बघायला आलेला.

"हे याचं काम! चिंध्या यानं कापल्या. वाट याला ठाऊक. पुढारपण गेलं म्हणून सूड घेतला. जंगलखात्याचा रेंजर माझा मावसभाऊ आहे. आजच सांगतो त्याला. या डोंगरावर हा माणूस पुन्हा पाऊल ठेवणार नाही!"

गनीभाईचं हसू गेलं. डोक्यावरची टोपी काढून तो म्हणाला, "सायेब, मग जुमेरातीला दिवा कोन लावनार?"



२

आमच्या मंडळात एक फौजदार होते. जैनुद्दीन. निवृत्त, गोलमटोल, शांत. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून ते मंडळाचे सभासद झाले. सभासद होणं म्हणजेच चालणं, असा त्यांचा समज होता. दर रविवारी ते डोंगराच्या पायथ्याशी चिंचेखालच्या पहिल्या दगडावर बसायचे आणि बेगम मुबारकबींनी दिलेला डबा हळूहळू संपवायचे. आम्ही वरून आलो की विचारायचे, "कसा काय होता डोंगर?"

आज आम्ही लवकरच परत आलो, आणि अध्यक्षांच्या अंगावरून पाणी गळत होतं. फौजदारांनी डब्याचं झाकण लावलं.

"आप्पासाहेब, आरोपी ठरलाय म्हणता?"

"ठरलाय!"

"मग आता गुन्हा शोधू. बसा. नको, त्या बाजूला बसा. वास येतोय."

आप्पासाहेब वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसले. गनीभाई उभाच होता. फौजदारांनी त्याला डब्यातली पोळी दिली. त्यानं घेतली नाही, तेव्हा त्यांनी मान हलवली. भूक मेलेली माणसं त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती. भूक मेली म्हणजे गुन्हा केला, असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"गनीभाई, कापताना एखादी चिंधी ठेवून घेतली का? खरं सांगा. हल्ली कापड कुठं मिळतंय?"

"फौजदारसायेब, पट्टेवाल्याचं पागोटं ते. घामानं कडक झाल्यालं. कात्रीबी नको म्हनत हुती. ठिवून करू काय त्याचं?"

"मग तुमचा राग नव्हता? वाट दाखवायचं काम गेलं."

गनीभाईनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "हुता की. लई हुता. म्हनून तर आज बगायला आलो. वाटलं, चुकत्याल कुटंतरी, मग म्हनत्याल, गनीभाई कुटं हाय. पन ते डबक्यात जात्याल असं न्हवतं वाटलं. तेवढं नशीब माजं न्हाई."

आप्पासाहेब उसळले. "ऐकलंत? कबूल करतोय!"

"राग कबूल करतोय," फौजदार म्हणाले. "रागाला कलम नाही. ती चिंधी कुठाय?"

राधाकृष्णानं पुरावा म्हणून चिंधी काढून आणली होती. लाल, पागोट्याचीच. कडा सरळ, कात्रीनं कापलेल्या. फौजदारांनी ती उलटीसुलटी केली.

"ही आपलीच," राधाकृष्ण म्हणाला. "तिथं बाकीच्या आहेत त्या फाडलेल्या."

फौजदारांनी मान वर केली. "बाकीच्या? कुठल्या बाकीच्या?"

३

राधाकृष्ण कोर्टात कारकून. सायकलवर भिंगारहून रोज येतो-जातो, पोटऱ्या लाकडासारख्या. अध्यक्षपदावर त्याची नजर होती, ही गोष्ट अध्यक्ष सोडून सगळ्या नगरला माहीत.

"डाव्या हाताला एक बोरीचं झाड आहे," तो सांगू लागला. "त्यावर गावातल्या बायकांनी चिंध्या बांधल्यात. मळक्या, लुगड्यांच्या फाडलेल्या, ढीगभर. त्यांच्या आत, पार खोडाजवळ, काट्यांत ही लाल. दुसऱ्या कुणाला दिसलीच नसती. माझी नजर म्हणून..."

"म्हणून अध्यक्ष डबक्यात," फौजदार म्हणाले. "राधाकृष्ण, कुणाला वाट चुकवायची असेल, तर तो खूण लपवून ठेवील का?"

राधाकृष्णाचं तोंड उघडंच राहिलं. आपल्या नजरेचं कौतुक करता करता आपण गनीभाईचा वकील झालो, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला.

"तिथं उजवीकडं आपली खूण होती ना?"

"होती. उंबराला. मीच बांधली. माझ्या छातीइतक्या उंचीवर, वाटेच्या बाजूला. पण आज नियम म्हणून लाल दिसली तिकडं वळलो."

"आज आहे?"

कुणी बघितलंच नव्हतं. बोरीवर लाल दिसल्यावर उंबराकडं कोण बघतो? राधाकृष्ण पळत गेला आणि धापा न टाकता परत आला. उंबरावर चिंधी नव्हती. सालीत दोन लाल धागे तेवढे अडकले होते.

"म्हणजे चिंधी नवी नाही," फौजदार म्हणाले. "उंबरावरची सोडली आणि बोरीला बांधली. याला कापड लागत नाही, कात्री लागत नाही, शिंपीही लागत नाही. दोन हात पुरतात. हात तर इथं सगळ्यांनाच आहेत. तुम्हालाही."

"मला? मी कशाला..."

"उद्घाटनाला अध्यक्षांची फजिती झाली, तर पुढच्या निवडणुकीत कुणाचा फायदा?"

राधाकृष्ण लालबुंद झाला. "फौजदारसाहेब, मला करायचंच असतं तर मी शिट्टी दुसऱ्याच्या हातात दिली नसती का? आता सगळं गाव म्हणणार, चिटणिसानं डबक्यात नेलं!"

यात तथ्य होतं. फौजदारांनी हसून मान डोलावली. "बरं, मग गेला रविवार सांगा. खुणा बांधल्यावर खाली कसे आलात?"

"मी पुढं, पळत. गनीभाई माथ्यावरच थांबला, ठाणं झाडायला. तो अंधार पडायच्या आत दुसऱ्या अंगानं, गावाच्या वाटेनं उतरला. बाकीचे मधे. आप्पासाहेब सगळ्यात मागं, सावकाश."

"सावकाश कशापायी?"

"हे काय विचारणं झालं?" आप्पासाहेब मधेच बोलले. "अध्यक्ष मागं राहून सगळ्यांवर लक्ष ठेवतो."

तेवढ्यात चिंचेमागून एक खणखणीत आवाज आला.

"माजी म्हस बिथारली त्याचं काय? तिला कोन इचारनार?"

४

ही केशरबाई. म्हैस तिची, डबकं तिच्या बांधाचं, आणि बांधावर ताकाचं मडकंही तिचंच. आज डबक्यापर्यंत पोचलेल्या सगळ्या मंडळानं तिच्या जिभेच्या भीतीपोटी पैसे देऊन ताक पिऊन घेतलं होतं. फायदा तिचाच, त्यामुळे संशयात तीही होती.

"बसा केशरबाई," फौजदार म्हणाले. "ती बोर कुणाची?"

"चिंधीबाईची."

आप्पासाहेबांनी डोळे मिटले. चिखल वाळून त्यांच्या पापण्यांवर भेगा पडल्या होत्या.

"काय करते चिंधीबाई?"

"पायाची देवी हाय ती. लाकडाचा भारा घिऊन चढताना पाय भरून येत्यात, गुडघं धरत्यात. मग आपल्या अंगावरची न्हाईतर घरची एक चिंधी तिला बांदायची. कुनी बगता कामा न्हाई, आत बांदायची, काट्यात. हात वरबाडलं तर लईच चांगलं. पाय हलकं व्हत्यात."

"तुम्ही हे सगळ्यांना सांगता?"

"जो लंगडत येईल त्याला सांगते. माजं काय जातंय? पुन्य लागतं."

"मग गेल्या रविवारी कुणाला सांगितलं?"

केशरबाईनं पदर सावरला आणि चिंचेच्या शेंड्याकडं बघितलं. "ते न्हाई सांगायचं."

"का?"

"ज्यानं बांदली त्याचं नाव घ्यायचं न्हाई. त्यानं सोताबी कुनाला सांगायचं न्हाई, वरीसभर. बोललं की गुन गेला. दुखनं परत येतं, दुप्पट."

"बरं, नाव नको. एवढंच सांगा, गनीभाईला सांगितलं होतं का?"

केशरबाई खो खो हसली. "त्याला कशाला सांगू? त्याचं पाय दुकत्यात व्हय कधी? बकरीवानी चढतो त्यो मेला! रमजानात उपाशी पोटी वर जाऊन येतो!"

गनीभाईनं खाली बघितलं. पण ओठांचा कोपरा हलला.

फौजदारांनी चिंधी घडी करून खिशात ठेवली. मग त्यांनी जे केलं, ते बघून मंडळ हादरलं. ते दगडावरून उठले. सभासद झाल्यापासून पहिल्यांदाच डोंगराच्या दिशेनं पाचपन्नास पावलं चालले, थांबले आणि वळून म्हणाले, "आप्पासाहेब, जरा इकडं येता? एकटे या."

५

दोघं एका वाळलेल्या ओढ्याच्या काठावर बसले. आम्ही लांब होतो. पण आप्पासाहेबांचा आवाज भाषणाचा, तो कुजबुजला तरी शेतापलीकडं ऐकू यायचा. आणि आम्ही हुरड्याच्या आगटीसाठी काटक्या गोळा करायला नेमक्या त्याच ओढ्यात उतरलो होतो.

"आप्पासाहेब," फौजदार म्हणाले, "गेल्या रविवारी तुमच्या हातात काठी होती. जाताना मला त्याच काठीनं सलाम केलात. आज काठी नाही."

"विसरलो म्हटलं ना."

"माझा गुडघा दुखतो. मी घरातून निघताना टोपी विसरेन, डबा विसरेन, बेगमला विसरेन. काठी विसरणार नाही. ज्याचा गुडघा दुखायचा थांबला, तोच काठी विसरतो. आठ दिवसांत तुमचा गुडघा एवढा बरा झाला की तुम्ही उलटे चालायला लागलात. कुठल्या डॉक्टरांचं औषध? मलाही हवंय."

आप्पासाहेब कोटाच्या बटणावरचा चिखल खरवडू लागले.

"तुम्ही सगळ्यात मागं होता. वाटेत केशरबाई भेटली. तिनं बघितलं, लंगडताय. सांगितलं. सगळे पुढं गेलेले. कोट फाडायचा तर कापडाची ही अशी टंचाई. आणि चिंधी तर आपल्या घरची हवी. समोर उंबरावर तुमच्याच पागोट्याची. सोडली, आणि बोरीत हात घातला. बाही वर करा जरा."

"कशाला?"

"नका करू. माझी खात्री आहे."

शेवटी आप्पासाहेब बोलले. आवाज इतका बारीक झाला होता की आम्हाला काटक्या आणखी जवळून गोळा कराव्या लागल्या.

"फौजदार, रात्र रात्र झोप नव्हती हो. लेप झाले, शेक झाला, इलेक्ट्रिकचा पट्टा मुंबईहून मागवला. आणि त्या दिवशी ते... मी हात जोडले नाहीत, शपथेवर सांगतो. नुसती बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि जिना उतरलो. तसाच. कठड्याला हात न लावता. खूण हलली हे डोक्यातच आलं नाही. ते आलं डबक्यात बसल्यावर."

"आणि बोट दाखवलंत गनीभाईकडं."

"घाबरलो."

"मी गुन्हेगाराचं नाव सांगू शकतो," फौजदार म्हणाले. "पण मग ती फौजदाराची अटकळ होईल. लोक म्हणतील, मुसलमान मुसलमानाला वाचवतोय. तुमचा रेंजर तुमचंच ऐकणार. गनीभाईची वाट तुमच्या तोंडूनच मोकळी झाली पाहिजे."

"मी बोललो तर मंडळ हसेल."

"हसेलच."

"ते चालेल एक वेळ." आप्पासाहेबांनी गुडघ्यावर हात ठेवला, झोपलेल्या पोरावर ठेवावा तसा. "पण मी बोललो, तर हा... परत... म्हणजे माझा विश्वास नाहीच. पण ती बाई म्हणते दुप्पट!"

६

आगटी पेटली. कणसं गोवऱ्यांत गेली. मंडळ गोल बसलं. गनीभाई लांब, बांधावर, जायला निघाल्यासारखा उभा. आम्हाला सगळं ठाऊक होतं आणि काहीच ठाऊक नाही असे चेहरे करून आम्ही हुरडा चोळत होतो.

आप्पासाहेब उभे राहिले. सवयीनं पहिलं वाक्य निघालं, "मित्रहो, भोळ्या समजुती..." आणि तिथंच अडकलं. त्यांनी गनीभाईकडं बघितलं. गनीभाई डोंगराकडं बघत होता. घर गहाण पडलं की लोक घराकडं बघतात, तसा.

"चिंधी मी हलवली," आप्पासाहेब म्हणाले. "उंबरावरची मी सोडली आणि त्या... त्या देवीला बांधली. माझ्या गुडघ्यासाठी. गनीभाईचा काही संबंध नाही. मी खोटं बोललो. रेंजरला काही सांगणार नाही. सांगितलं तर हेच सांगेन."

कुणी हसलं नाही. हसू फार आलं होतं, पण बाहेर पडलं नाही. राधाकृष्णानं तर तोंडात भलामोठा हुरड्याचा घास भरून घेतला, अध्यक्षपद समोर पडलं असताना उचलता येईना म्हणून.

केशरबाई तेवढी हळहळली. "अरं देवा, बोललास व्हय रं बाबा! आठ दिसांत!"

आप्पासाहेब बसायला वाकले. अर्ध्यावर थांबले. चेहरा पिळवटला. "आई गं."

"डबक्यात आपटलात त्याचं असेल," फौजदार दिलासा देत म्हणाले. आप्पासाहेबांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते पुन्हा कणीस भाजायला लागले.

तेव्हा बांधावरून गनीभाई आला. आप्पासाहेबांच्या काखेत खांदा दिला, त्यांना गवताच्या पेंढीवर नीट बसवलं आणि स्वतः शेजारी बसून गरम कणीस हातावर चोळून त्यांच्या पुढ्यात धरलं. दोघं दाणे खाऊ लागले.

मग आप्पासाहेब त्याच्या कानाशी वाकले. कुजबुजले, म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"गनीभाई, तुमचे पीरसाहेब... गुडघ्याचं वगैरे बघतात का हो?"

"बगत्यात की."

"मग जुमेरातीला मीही येतो दिव्याला. सावकाश चढू. पण हे कुणाला सांगायचं नाही."

गनीभाईनं हातातलं हुरड्याचं कूस फुंकून उडवलं.

"तसं काय न्हाई सायेब," तो म्हणाला. "आमच्या पीराला सांगितलं तरी चालतं."